समेटाचा शनिवार

आमच्या कंधारच्या चर्चमध्ये डावीकडे बाकं आहेत आणि उजवीकडे बाकं आहेत. कोणी कुठे बसायचं हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी साठ वर्षांत कोणाची चूक झालेली नाही. महार समाजातून ख्रिस्ती झालेली घरं डावीकडे बसतात, मातंग समाजातून झालेली उजवीकडे. नवा पाळक आला की पहिल्याच रविवारी माईकवरून सांगतो, ख्रिस्तात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. डावीकडून आमेन येतं, उजवीकडूनही येतं, आणि पुढच्या रविवारी सगळे आपापल्या बाकावर. मी डावीकडचा. नाव शमुवेल. बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मंडळीचा सेक्रेटरीही मीच, म्हणजे माईक लावणं आणि चटया झटकणं ही दोन्ही कामं माझी.

केवळाबाई उजवीकडच्या. पण त्या उजवीकडे बसत नसत. सगळ्यांत मागे, दाराजवळ, जिथे आम्ही चपला काढतो तिथे एक सुटं बाक आहे, त्यावर त्या एकट्या बसत. कोणी नवीन माणसानं विचारलंच तर आम्ही सांगायचो, बाईंना गर्दी सोसत नाही. हे धादांत खोटं होतं. गर्दीतल्या माणसाची मानगूट धरून त्याला दुसऱ्या माणसासमोर आणून बसवणं हेच त्या बाईचं आयुष्यभराचं काम होतं.

त्या आमच्या बायबलबाई. म्हणजे घरोघरी, खेडोपाडी फिरून बायकांना गाणी शिकवायची, अक्षर ओळखायला शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, वय बहात्तर, पण चर्चच्या मागची खोली सोडा असं त्यांना कोणी म्हटलं नाही. म्हणायची छाती कोणाची होती? नवरा चर्चचा शिपाई होता, घंटा वाजवायचा, तो फार पूर्वीच वारला. मुलगी एकच, पुनम. ती नांदेडजवळ विष्णुपुरीला असते. कंधारहून बसनं दीड तास. एकोणीस वर्षांत ती या अंगणात आली नाही आणि बाई त्या दारात गेल्या नाहीत.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा आणि मग मेजाशी यावं, अशी शिकवण आहे. इतर ठिकाणी हे प्रवचनात सांगून सोडून देतात. आमच्याकडे त्यासाठी आदला शनिवार राखलेला आहे. त्या दिवशी केवळाबाई ज्यांचं बिनसलंय त्यांना आपल्या खोलीत बोलावतात. ही चाल कोणी पाडली माहीत नाही, पण तिला कायदा लावला तो बाईंनी.

कायदा असा. खुर्ची नाही, दोघांनी एकाच चटईवर बसायचं. फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. एकानं आपलं दुखणं सांगायचं, आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. समोरचा काय म्हणाला तेच आपल्या तोंडानं सांगायचं, तो ‘हाव, हेच म्हनलो’ म्हणेपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. भामाबाई आणि तिची जाऊ सांडपाण्यावरून भांडल्या होत्या तर सकाळी बसलेल्या बायका दुपारी उठल्या, आणि त्यातला अर्धा वेळ भामाबाईला जावेचं एक वाक्य सरळ सांगता येईना, प्रत्येक वेळी त्यात स्वतःची फोडणी घालायची. आणि शेवटचं कलम सगळ्यांत कडक. माफी मागताना ‘काही चुकलं असेल तर’ म्हणायचं नाही. कोणी म्हटलं की बाई हात आडवा करायच्या. “असेल तर म्हंजी काय? चुकलंय का न्हाई ते आधी ठरव. मंग ये.”

या खोलीत डावीकडच्यांची आणि उजवीकडच्यांची किती भांडणं मिटली त्याची मोजदाद नाही. बाकं जवळ आली नाहीत, पण डोकी फुटायची राहिली. बाहेरच्या गावात जेव्हा जेव्हा दोन वस्त्यांत तणाव झाला तेव्हा चर्चच्या अंगणात दोन्हीकडची माणसं एका हापशावर पाणी भरत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाई पहाटे उठून मेजावरचं कापड घालायच्या, भाकर झाकून ठेवायच्या, छोटे पेले ओळीनं मांडायच्या. मग मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. आदल्या दिवशी भांडणारे दोघं खांद्याला खांदा लावून मेजाशी गुडघे टेकायचे. बाई उठायच्या नाहीत. एकोणीस वर्षं त्यांनी भाकर घेतली नाही. जुन्या माणसांना कारण माहीत होतं, म्हणून विचारत नसत. नव्यांना माहीत नव्हतं, तेही विचारत नसत.

उपासना सुटली की आम्ही घरोघर जातो. रविवार म्हणजे कुठे मटण, कुठे पाहुणे. बाई मागे राहून बाकं पुसत. नाताळात त्यांच्याकडे फराळाची बारा-पंधरा ताटं यायची. करंज्या, चिवडा, शेव. कोणाचंही ताट रिकामं परत जायचं नाही, साखर तरी घालायच्या. पण त्या करंज्या खायला त्यांच्याबरोबर कोणी बसलेलं मी पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी बसलो नाही. ताट ठेवलं, सलाम केला, निघालो. त्यांचं सगळं बोलणं दुसऱ्यांच्या भांडणातलं. स्वतःचं बोलायला त्यांना माणूस नव्हता.

आता एकोणीस वर्षांपूर्वीचं सांगतो. पुनम नांदेडला शिकत होती. तिथं तिचं आनंदराजशी जमलं. आनंदराज बौद्ध घरातला, म्हणजे मूळचा आमच्याच समाजातला, कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, निर्व्यसनी, शांत. त्याची आई महामायाबाई, सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा नसलेली बाई, ती एका रविवारी एकटीच मुलीला मागणी घालायला कंधारला आली. उपासना नुकतीच सुटली होती. हापशाजवळ चाळीस-पन्नास माणसं उभी होती, त्यात एकवीस वर्षांचा मीही होतो. महामायाबाईंनी हात जोडले, कशाला आलो ते सांगितलं. आणि आमच्या बायबलबाईंनी, सगळ्यांची भांडणं सोडवणाऱ्या केवळाबाईंनी, त्यांना त्यांच्या जातीवरून एक शब्द ऐकवला. नुसता नाही, पुढे आणखी दोन शब्द जोडून. ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्याही घराला लागतात.

महामायाबाईंनी जोडलेले हात सोडले. वळल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या. त्याच आठवड्यात पुनम निघून गेली आणि नांदेडच्या विहारात लग्न झालं. दोन वर्षांनी मुलगी झाल्याचं कुठून तरी कळलं. तिचं नाव अक्षरा ठेवलंय हेही बाईंना कोणीतरी सांगितलं. बस, एवढंच.

बाईंकडे कारण नव्हतं असं नाही. त्यांचं माहेर देवणीकडचं. लहान असताना त्यांची आई उन्हाळ्यात विहिरीजवळ घागर घेऊन दिवसभर उभी राहायची, कोणी वरून ओतलं तर पाणी. ती विहीर कोणा पाटलाची नव्हती. ती आमच्या लोकांची होती. हे आम्ही डावीकडच्या बाकांवर सहसा बोलत नाही. आमच्यावर झालेलं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, आम्ही केलेलं मात्र कोणाला आठवत नाही. पण बाईंनी हे कारण स्वतःसाठी कधी पुढे केलं नाही. त्यांच्याच कायद्यात ते बसत नव्हतं.

हे सगळं असंच राहिलं असतं. मध्येच मी तोंड उघडलं.

झालं असं की आरक्षणाच्या वर्गवारीचा वाद गावात पेटला. आमच्यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर जुनीच जात आहे, म्हणून तो चर्चमध्येही आला. मातंग समाजाचं म्हणणं, आमचा वाटा वेगळा करा. आमच्याकडचं म्हणणं, हा आम्हाला फोडायचा डाव आहे. मी फोनवर एक स्टेटस ठेवलं. सुदर्शन हा उजवीकडचा, आयटीआयमध्ये शिकवतो, शाळेपासूनचा माझा मित्र. त्यानं चर्चच्या ग्रुपवर मला उत्तर दिलं. मी त्याला फितूर म्हटलं. ज्या ग्रुपवर सकाळी प्रार्थना आणि दुपारी वाढदिवस यायचे त्यावर तीन दिवस आम्ही एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचलो. चौथ्या दिवशी केवळाबाईंचा निरोप आला, “शनवारी दोघंबी या.”

मार्च महिन्याचा समेट. फोन डब्यात गेले. चटईवर आम्ही दोघं, समोर बाई.

“शमू, सुदर्शन काय म्हनला ते सांग.”

“त्यो म्हनतो आमी त्यांचं खाल्लं.”

“असं म्हनलोच न्हाई मी,” सुदर्शन उसळला.

“पुन्यांदा सांग,” बाई म्हणाल्या.

तीनदा माझं चुकलं. चौथ्यांदा मी म्हणालो, “त्यो म्हनतो, तुमची पोरं शिकली, नोकरीला लागली, आमची मागं राहिली. आन हे बोललं की तुमी आमाला फितूर म्हनता.”

सुदर्शननं मान खाली घातली. “हाव. एवढंच म्हनून राहिलो.”

मला चरकल्यासारखं झालं. तीन दिवस मी ज्याच्याशी भांडत होतो तो हे म्हणतच नव्हता, किंवा हेच म्हणत होता आणि मी ऐकलं नव्हतं. पण माणसाची जात अशी की कोंडीत सापडला की आधी दात विचकतो. मी पुटपुटलो, “बरं बाबा, काही चुकलं असंल तर…”

बाईंचा हात आडवा झाला. “असंल तर न्हाई. ठरव आधी.”

आणि मी म्हणालो, “बाई, तुमचं ठरलं का? हापशाजवळ बोललात त्याला एकोनीस वर्सं झाली. तुमी कोनाच्या चटईवर बसलात?”

सुदर्शननं माझा दंड धरला. शब्द सुटला होता. बाई उठल्या. रागानं नाही. मग त्यांनी डबा उघडून आमचे फोन आमच्या हातात दिले. “समेट झाला न्हाई,” म्हणाल्या. “उद्या भाकर घिऊ नका दोघंबी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या बाकावर हात बांधून बसलो. लोक रांगेनं पुढे जात होते, आमच्या गुडघ्यांना त्यांची पातळं घासत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की मेजाशी न जाता बसून राहणं म्हणजे काय असतं. मला एक रविवार जड गेला. मागच्या बाकाकडे वळून बघायची हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तर बाई समोर. धुतलेलं पातळ, हातात पिशवी. “विष्णुपुरीला जायचंय. मला घर ठावं न्हाई. तू चल.”

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. लोहा मागे पडलं. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, पुनम आधी यील. लेक हाय, आईकडं यीलच की. तिनं यावं आन मी तिला जवळ घ्यावं, म्हंजी माजं मागचं झाकून जाईल.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पन मी तिला कुटं बोलले होते? बोलले होते दुसरीला.”

घर शोधायला वेळ लागला नाही. महामायाबाईंनी दार उघडलं. केस पांढरे, चष्मा, पाठ मात्र ताठ. त्यांनी ओळखलं. आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. बाई प्यायल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. नात क्लासला गेली होती, भिंतीवर तिचा शाळेचा फोटो होता. बाईंनी एकदाच तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग त्या सोफ्यावरून उठून खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मी तुमाला हे बोलले होते.” आणि त्यांनी ते तीनही शब्द उच्चारले, जसेच्या तसे. “हे बोलले. चुकलं. तुमाला काय म्हनायचं ते म्हना. मी मधी बोलनार न्हाई.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी दाराकडे बघत होतो. कोणी बाहेर आलं नाही.

महामायाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. आवाज न चढवता बोलल्या. “त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये बसले तर शेजारच्या बाईनं विचारलं, रडता कामून? मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय. आयुष्यात इतक्यांची बाळंतपणं केली, कोण कुठल्या जातीची ते बघितलं न्हाई. आन देवाच्या दारात, देवाचं काम करणाऱ्या बाईनं मला ते ऐकवलं. तिथं पन्नास माणसं होती. एकबी बोललं न्हाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं. “आन आज तुम्ही माझ्या घरात, चार भिंतीत, मला हळूच सांगून राहिल्या. चारचौघांत मारलं आन कोपऱ्यात घेऊन हळद लावता व्हय बाई?”

केवळाबाईंनी कबूल केल्याप्रमाणे मध्ये शब्द काढला नाही. पण त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं बाई लोकांना खोलीत बोलावत होत्या. शिव्या अंगणात, बाजारात, लग्नाच्या मांडवात दिल्या जायच्या आणि माफी चटईवर, दार लोटून. कायद्यात एवढं मोठं भोक होतं आणि ते आमच्यापैकी कोणाला दिसलं नव्हतं.

“ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर बोला,” महामायाबाई म्हणाल्या. “शब्द गिळायचा न्हाई.”

“तुमी याल?”

“मी त्या अंगणात पाय ठेवणार न्हाई. मला कळंल कसं ते माझं मी बघते. आन पुनमला मी बोलावणारबी न्हाई, अडवणारबी न्हाई. तिचं ती बघंल.”

पुनमनं त्या दिवशी बघितलं नाही. आम्ही निघालो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला एक सावली होती, तेवढीच. जिना उतरताना बाई कठड्याला धरून थांबल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या ऐकत होत्या, वर परत भांडी वाजायला लागली होती का ते.

पुढच्या पहिल्या रविवारी हे करायचं असं बाईंनी पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते घाबरले. तरुण माणूस, बदली होऊन सहाच महिने झालेले. “बाई, बाहेर वातावरण तापलंय. तो शब्द चर्चमध्ये उच्चारला आणि कोणी व्हिडिओ काढला तर? थोडं थंड होऊ द्या.” बाई म्हणाल्या, “थंड व्हायची वाट बगत एकोनीस वर्सं गेली, पाळकसाहेब. आता मीच थंड व्हायची येळ आली.” उजवीकडची दोन-तीन माणसंही येऊन गेली. सुदर्शनचे चुलते अमृतराव तर खोलीच्या दारात उभे राहून बोलले. आपण आत्ता हक्कासाठी भांडतोय आणि तुम्ही त्यांच्यापुढे मान खाली घालणार? त्यांनी आपल्या लोकांना पाणी दिलं नाही ते कोण कबूल करणार? यातला दुसरा प्रश्न खरा होता. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, “ते त्यांनी ठरवायचं. माजं मी ठरवलंय.”

त्या आठवड्यात त्यांच्या खोलीकडे उजवीकडचं कोणी फिरकलं नाही. शनिवारी समेटालाही कोणी आलं नाही. चटई अंथरून बाई एकट्या बसल्या होत्या. मी दारावरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा काहीतरी काम असल्यासारखा पुढे गेलो. याची मला लाज वाटते.

रविवारी चर्च भरलं होतं. असल्या बातम्या सांगाव्या लागत नाहीत. पापकबुलीची प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी मानेनं बाईंना खूण केली. बाई मागच्या बाकावरून उठल्या आणि मधल्या वाटेनं, डावीकडच्या आणि उजवीकडच्या बाकांमधून, पुढे आल्या. मी माईक पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही.

“एकोनीस वर्सांखाली हापशाजवळ एक बाई माज्या लेकीला मागनं घालाया आली होती,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातल्या लई जनांनी बगितलं. मी तिला म्हनले…” आणि त्यांनी ते शब्द उच्चारले. चर्चमध्ये. मेजासमोर. आमच्या बाकांवर कोणीतरी जोरात श्वास घेतला. “हे मी बोलले. तिचं काई चुकलं नव्हतं. माजं चुकलं. आन तवापासून मी तुमाला समेट शिकवून राहिले, तेबी चुकलं. आधी मी जायला पायजे होतं.”

उजवीकडच्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. सुदर्शन उठला नाही, त्यानं चेहरा हातात धरला होता. तेव्हा डावीकडून कोणीतरी उभं राहायला हवं होतं. विहिरीचं बोलायला हवं होतं. सेक्रेटरी म्हणून, शिवाय बाईंना टोचणारा मीच म्हणून, मी उभं राहायला हवं होतं. मी उठलो नाही. हे लिहिणं म्हणजे माझं उशिराचं उभं राहणं समजा, तेही अर्धंच.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना मेजाशी बोलावलं. बाई तिथेच उभ्या होत्या, रांगेच्या सगळ्यांत पुढे. एकोणीस वर्षांनी. पाळकसाहेबांनी पहिला तुकडा मोडला आणि त्यांच्याकडे हात पुढे केला.

त्याच वेळी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. सतरा-अठरा वर्षांची, पाठीला कॉलेजची सॅक. बाई पुढे आल्यावर त्या रिकाम्या बाकावर ती कधी येऊन बसली माझ्या लक्षात आलं नव्हतं. कपाळ आणि भुवया थेट पुनमच्या, भिंतीवरच्या फोटोतली. महामायाबाईंनी आपल्या जागी ऐकायला तिला पाठवलं होतं. तिचं ऐकून झालं होतं. तिनं चप्पल घातली आणि ती अंगणात उतरली.

बाईंनी वळून पाहिलं. ओळख कोणी करून द्यायची गरज पडली नाही. त्यांनी पाळकसाहेबांच्या हाताकडे पाहिलं, त्या तुकड्याकडे पाहिलं, आणि हात न लावता त्या मधल्या वाटेनं परत निघाल्या. जवळजवळ पळतच. अनवाणी गेल्या. बाहेर एप्रिलचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मागे धावलो.

स्टँडवर नांदेडची बस लागलेली होती. मुलगी शेडमध्ये उभी होती आणि बाई तिच्यापासून चार हातांवर, धापा टाकत. मी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्यांनी घातल्या नाहीत.

“तुम्ही केवळाबाई,” मुलगी म्हणाली. विचारलं नाही.

“हाव. तू अक्षरा.”

“आजीनं सांगितलंय, ऐकायचं आणि लगेच परत यायचं.” ती थोडं थांबली. “तुमचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. आणि त्यात तो शब्द होता.”



“तो आजीलाच लागतो, का मलापण लागतो?” अक्षरानं विचारलं. तिचा स्वर भांडणाचा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मला वाटलं आता बाई म्हणतील, नाही गं बाळा, तू तर माझी नात. कोणीही आजी तेच म्हणाली असती. बाईंनी खांब धरला. “तुलाबी लागतो,” म्हणाल्या. “तवा तू नव्हतीस. मला कळलं न्हाई की मी माज्याच नातीला बोलून राहिले.”

कंडक्टर नांदेड, नांदेड ओरडत होता. मुलीनं डोळे पुसले. “आजीला काय सांगू? तुम्ही रडलात म्हणून सांगू?”

“रडले कुटं मी? खोटं सांगू नको. झालं तेवढं सांग.”

“ती भाकर का नाही घेतली?”

“तू निगालीस म्हून.”

अक्षरा त्यांच्या पायांकडे बघत राहिली. ते भाजून लाल झाले होते. मग ती खाली वाकली, चपला सरळ केल्या आणि एकेक करून त्यांच्या पायांत सरकवल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं पडद्यावरचं नाव बघितलं आणि उचलला.

“हां मम्मी,” ती म्हणाली. बस दार उघडं टाकून आमच्यासमोरच उभी होती, कंडक्टर तिच्याकडे हात करून चल म्हणत होता. “मम्मी, बस चुकली माझी. आता तूच ये घ्यायला.”